हरण्याची ऐपत

30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी टेनिसच्या मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यात समोर चायनीज तैपेईची जोडी होती, लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. पहिला सेट 2-6 असा हातचा गेला, दुसरा 6-3 असा परत मिळवला आणि तिसऱ्या सेटच्या जागी खेळल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या सुपर टायब्रेकमध्ये 10-4 असा निकाल लागला. श्रीरामपूरला जन्मलेल्या, पुण्यात खेळून मोठ्या झालेल्या मुलीच्या गळ्यात आशियाई सोनं पडलं. आता एक साधा हिशेब विचारू. महिला टेनिसची जागतिक क्रमवारी डब्ल्यूटीए ही संघटना ठरवते. तिच्या वहीत या सुवर्णपदकाचे गुण किती? शून्य. पंधरा हजार डॉलरच्या सगळ्यांत खालच्या स्पर्धेत मुख्य फेरीचा एक सामना जिंकणाऱ्या मुलीला त्या वहीत एक गुण मिळतो. आशियाई विजेतीला तेवढाही मिळत नाही. रिओपासून ऑलिम्पिकचीही तीच गत आहे.

हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. क्रमवारी देशासाठी नसते, धंद्यासाठी असते, आणि धंद्याची वही कोरडी असायचीच. पण आपण एखाद्या खेळाडूच्या कारकिर्दीतले मैलाचे दगड मोजायला बसतो तेव्हा धंद्याची आणि देशाची अशा दोन वह्यांची सरमिसळ करतो आणि दोन्हींत नसलेली गोष्ट विसरतो. पदक मिळालं की 'सुवर्णकन्या' आणि क्रमवारीत तीनशेच्या पुढे असली की 'जागतिक दर्जाची नाही', अशी दोन्ही विशेषणं एकाच मुलीला एकाच वर्षात लावून आपण मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे की टेनिस हा मुळात हरण्याचा खेळ आहे. बत्तीस जणींच्या स्पर्धेत आठवडाअखेर एकतीस जणी हरलेल्या असतात. वर्षाला पंचवीस स्पर्धा खेळणारी चांगली खेळाडूसुद्धा त्यातल्या बावीस-तेवीस ठिकाणाहून हरूनच घरी येते. म्हणून कारकीर्द घडते ती जिंकण्याच्या ताकदीइतकीच हरण्याच्या ऐपतीवर. किती वेळा हरून पुन्हा पुढच्या आठवड्यात उभं राहता येतं, त्याचे पैसे कोण भरतं, घरापासून ते मैदान किती लांब आहे, हे ज्या ज्या टप्प्यावर बदलतं तो खरा मैलाचा दगड. आणि महाराष्ट्राच्या टेनिसनकाशावर बार्शीचं नाव का आहे नि हिंगोलीचं का नाही, याचं उत्तरही मला तिथेच दिसतं.

आधी ही शिडी कशी आहे ते पाहू, कारण वर्तमानपत्रात तिचा वरचा टोकाचा भागच दिसतो. खालची पायरी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे आयटीएफची. तिथे डब्ल्यू 15, डब्ल्यू 35, डब्ल्यू 50 अशा नावांच्या स्पर्धा असतात. डब्ल्यू 15 ची एकूण बक्षीस रक्कम पंधरा हजार डॉलर. ती एकटीला मिळत नाही, एकेरीच्या बत्तीस जणी आणि दुहेरीच्या जोड्या मिळून वाटली जाते. पहिल्या फेरीत हरलेलीच्या हातात येतं त्यात परतीचं विमानाचं तिकीटही निघत नाही. क्रमवारी नसेल तर मुख्य फेरीत यायला बहुधा आधी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेरी, खेळावी लागते. मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की पहिला गुण. पण तेवढ्याने क्रमवारीत नाव लागत नाही; त्यासाठी तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण दहा गुण तरी गोळा व्हावे लागतात. शिडीच्या दुसऱ्या टोकाला ग्रँड स्लॅमची विजेती आहे, तिला एका फटक्यात दोन हजार. शिवाय प्रत्येक गुणाचं आयुष्य बावन्न आठवड्यांचं. गेल्या जानेवारीत कमावलेले गुण यंदाच्या जानेवारीत गळून पडतात, मग मधल्या काळात तुमचा घोटा दुखावलेला असो की घरी लग्न असो. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगमध्ये पाय ठेवायचा तर साधारण सव्वादोनशेच्या आत असावं लागतं. आयटीएफने 2013 सालच्या आकड्यांवरून एक पाहणी केली होती. तिच्यात असं दिसलं की खर्च आणि कमाई यांची तोंडमिळवणी पुरुषांत 336 व्या आणि महिलांत 253 व्या क्रमांकाच्या आसपास होते, आणि या खर्चात प्रशिक्षकाचा पगार धरलेलाच नव्हता. म्हणजे जगातली तीनशेवी उत्कृष्ट टेनिसपटू, तिच्या कामात पदरचे पैसे घालत होती. जगातला तीनशेवा हृदयशल्यविशारद पदरमोड करून शस्त्रक्रिया करतो असं ऐकलं आहे का कुणी?

या शिडीवर मराठी मुलखातून जी नावं चढली त्यांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते प्रार्थना ठोंबरेचं. 1994 साली जन्मलेली ही मुलगी बार्शीची. बार्शी सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचं. धान्याची मोठी बाजारपेठ, भगवंताचं देऊळ आणि एके काळची बार्शी लाइट रेल्वे यांसाठी ते ओळखलं जातं, टेनिससाठी नव्हे. विसाव्या वर्षी, 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ती सानिया मिर्झाच्या जोडीने महिला दुहेरीत उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली. दोन वर्षांनी ऑगस्ट 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या महिला दुहेरीत पुन्हा सानियाबरोबर. पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याविरुद्ध 6-7, 7-5, 5-7 अशी हार झाली, अडीच तासांहून जास्त झुंजून. बार्शीतून ऑलिम्पिकच्या टेनिस कोर्टावर, हा दगड धंद्याच्या वहीत नोंदला गेला नाही आणि देशाच्या वहीत 'पहिल्या फेरीत पराभूत' अशा तीन शब्दांत आटोपला.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खासगीत जास्त मोकळेपणाने बोलला जातो. सानिया तेव्हा दुहेरीत जगातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी होती. तिच्याबरोबर कुणीही उभं राहिलं असतं तरी पदक मिळालं असतं. ऋतुजाबद्दलही तेच: बाजूला बोपण्णा होता, तिने रॅकेट धरून उभं राहायचं तेवढं. हा आक्षेप भावनेने नव्हे, आकडेमोडीने तपासता येतो. हांगझोऊचा तो 10-4 चा सुपर टायब्रेक घ्या. एकूण चौदा गुण खेळले गेले. टायब्रेकमध्ये पहिली सर्व्हिस एका गुणाची आणि त्यापुढे प्रत्येकाची दोन-दोन गुणांची, चौघांत फिरत जाणारी. हा क्रम कागदावर मांडला की चौदा गुणांत प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला तीन किंवा चार सर्व्हिस येतात. समोरच्या जोडीने केलेल्या सात सर्व्हिस आपल्या दोघांत वाटल्या जातात, कारण उजव्या-डाव्या बाजू ठरलेल्या असतात. म्हणजे परतवण्याचेही प्रत्येकाला तीन किंवा चार. बेरीज केली तर चौदापैकी सहा ते आठ गुणांची सुरुवात ऋतुजाच्या रॅकेटवरून झाली, एकतर तिच्या सर्व्हिसने किंवा तिच्या परतीच्या फटक्याने. बरं, मिश्र दुहेरीत डावपेच असतोच की समोरच्या पुरुषाने बाईला हेरून वेगवान सर्व्हिस मारायची, जाळ्याजवळ उभी असेल तर अंगावर चेंडू घालायचा. लपायला जागा नसते. त्या चौदांतले चारच गमावले, हे एकट्या बोपण्णाच्या खात्यावर लिहिता येत नाही. उपांत्य सामनाही असाच दहा गुणांच्या निर्णायकापर्यंत गेला होता, आणि तिथे पलीकडे चान हाओ-चिंग होती, दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत राहिलेली.

रिओच्या सामन्यालाही तोच हिशेब लावा. एकूण सदतीस गेम, त्यातला एक टायब्रेकचा. उरलेल्या छत्तीस गेममध्ये चौघींची सर्व्हिस फिरली, म्हणजे प्रार्थनाच्या वाट्याला नऊच्या आसपास गेम. ती कच्चा दुवा असती तर समोरच्यांनी ते नऊ गेम फोडून सामना तासाभरात संपवला असता. पेंग शुआई काही नवखी नव्हती. विम्बल्डन आणि फ्रेंच ओपनचं दुहेरीचं विजेतेपद तिच्या नावावर होतं आणि तीही कधी काळी दुहेरीत जगात पहिली होती. इंचॉनच्या उपांत्य फेरीत ज्यांच्याकडून हार झाली त्यांत शिए सू-वेई होती, आणि तीही त्याच वर्षी दुहेरीत अव्वल स्थानी पोचली होती. तेव्हा 'आशियाई स्पर्धा म्हणजे टेनिसमध्ये दुय्यम' हे विधान पुरुषांच्या बाबतीत थोडंफार चालेल, महिलांच्या दुहेरीत ते चालत नाही. चीन आणि तैपेईने गेली वीस वर्षं हा प्रकार जगभर गाजवला आहे. सानियाची सोबत हा नशिबाचा भाग होता का? होता. पण नशीब दारापर्यंत आणून सोडतं. त्या दारापर्यंत पोचायला आधी आयटीएफच्या किती तरी स्पर्धांमध्ये हरून, गुण वेचून, निवड समितीला नाव माहीत होईल इतपत वर यावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही सगळी दुहेरीची कमाई, टेनिसमध्ये खरी प्रतिष्ठा एकेरीची. पैसा एकेरीत आहे, गर्दी एकेरीला येते, आणि एकेरीतल्या अनेक जणी मनावर घेतील तर दुहेरीतही वर येतील, यात खोटं काही नाही. पण भारतीय महिलांची एकेरीतली वाट किती चिंचोळी आहे तेही पाहायला हवं. सानियासारखी, मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली, असामान्य फोरहँडची खेळाडू 2007 मध्ये 27 व्या क्रमांकावर गेली. तिचीही सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं दुहेरीत आणि मिश्र दुहेरीतच आहेत. तिच्यानंतरची सर्वांत चिवट खेळाडू अंकिता रैना. अहमदाबादेत जन्मली, किशोरवयात पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आली आणि पुण्याचीच झाली. 2018 साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य तिने मिळवलं. एकेरीत तिचा सर्वोत्तम क्रमांक 160, तोही 2020 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. 2021 मध्ये मेलबर्नला फिलिप आयलंड ट्रॉफीचं डब्ल्यूटीए विजेतेपद आलं ते पुन्हा दुहेरीतच, आणि त्यानंतर दुहेरीत ती पहिल्या शंभरांत गेली. मला यात कमीपणा दिसत नाही, व्यवहार दिसतो. दुहेरीत खोलीचं भाडं वाटून घेता येतं, शरीराची झीज कमी होते, कारकीर्द लांबते. बोपण्णा दुहेरीत जगात पहिला झाला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. ज्या मुलीची हरण्याची ऐपत मर्यादित आहे, तिला दुहेरी ही ऐपत दुप्पट करून देते. एकाच विमानाच्या तिकिटावर दोन स्पर्धा खेळता येतात. एकेरीत मंगळवारी हरलं तरी बुधवारी दुहेरीला उभं राहता येतं.

हरण्याचे पैसे कोण भरतं, या प्रश्नाचं सगळ्यांत जुनं मराठी उत्तर आहे लीला राव. 1911 साली मुंबईत जन्मलेली ही खेळाडू 1934 च्या विम्बल्डनमध्ये महिला एकेरीत पहिली फेरी जिंकली; विम्बल्डनवर सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते. वडील मुंबईतले डॉक्टर राघवेंद्र राव. आई पंडिता क्षमा राव, वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या, संस्कृतात कथा-काव्यं लिहिणारी विदुषी आणि स्वतःही टेनिसच्या स्पर्धा गाजवणारी. म्हणजे 1934 मध्ये एका मराठी मुलीला लंडनच्या हिरवळीवर हरायला-जिंकायला जायचं तर तिच्या मागे असं घर असावं लागत होतं. बोटीचा प्रवासच आठवड्यांचा. पुढच्या वर्षी लीला राव पुन्हा विम्बल्डनला गेली आणि पहिल्याच फेरीत हरली; हे दुसऱ्यांदा जाऊन हरणं मला पहिल्या विजयाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण ऐपत तिथे दिसते. नंतर टेनिसच्या व्यावसायिक युगात ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री निघायला 1998 साल उजाडावं लागलं: ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कोइमतूरची निरुपमा वैद्यनाथन. मधली चौसष्ट वर्षं भारतात मनगटात जोर असलेल्या मुली जन्मल्याच नाहीत, असं कोण म्हणेल?

आता हिंगोली. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा, पाच तालुके, 2011 च्या जनगणनेत 11 लाख 77 हजार माणसं आणि त्यातली 85 टक्के खेड्यांत. नर्सी नामदेव इथलं, औंढा नागनाथ इथलं, वसमतची हळद इथली. गंमत अशी की टेनिस ज्या वाटेने हिंदुस्थानात पसरलं, ती वाट या गावावरून जात होती. विंगफिल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लॉन टेनिसचं पेटंट घेतलं 1874 मध्ये. त्यानंतर हा खेळ इथे आला तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या छावण्या, सिव्हिल लाइन्स आणि जिमखान्यांमधून. हिंगोलीत निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती, थेट 1903 पर्यंत. ती उठली. पुण्याची छावणी राहिली, तिच्याभोवती जिमखाने राहिले, पीवायसी आणि डेक्कन हे जिमखाने उभे राहिले, त्यांच्या कोर्टांवर पिढ्या घडल्या. जिल्ह्याच्या गावात आजही टेनिस कोर्ट असलंच तर ते बहुधा ऑफिसर्स क्लबच्या आवारात असतं. साहेबांची बदली झाली की जाळं सैल होतं.

समजा हिंगोलीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या हातात कुणी रॅकेट दिलं आणि तिचा हात खरंच चांगला निघाला. जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांत ती सहज जिंकेल, कारण खेळणाऱ्या मोजक्याच असतील. पण टेनिसची शिडी शालेय स्पर्धांची नाही, अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या क्रमवारीची आहे: टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, मग राष्ट्रीय. या स्पर्धा बाद पद्धतीच्या. मुलगी आणि तिचे बाबा रात्रीच्या गाडीने साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून पुण्यात उतरतात. सकाळी नऊला तिचा सामना लागतो, समोर पुण्याचीच मुलगी. सव्वादहाला 2-6, 3-6 असा निकाल. पुण्यातली मुलगी हरली असती तर जेवायला घरी गेली असती आणि संध्याकाळी सरांनी तिच्या बॅकहँडवर काम केलं असतं. पुढच्या शनिवारी तिला दुसरी स्पर्धा आहेच. हिंगोलीच्या मुलीचे मात्र दोन दिवस, दोन रात्री, बाबांची रजा किंवा रानातलं काम, दोन तिकिटं, खोलीचं भाडं आणि रॅकेटचं गटिंग, हे सगळं त्या एका तासाच्या खात्यावर पडतं. वर्षात पुण्याची मुलगी वीस वेळा हरू शकते. हिंगोलीची दोनदा किंवा तीनदा. टेनिसमध्ये शिकणं म्हणजे वीस वेळा हरणं असेल, तर या दोघींत वर्षाअखेर जो फरक पडेल त्याला आपण 'टॅलेंट' म्हणणार आहोत. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो'ची वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या भुजांमधला अणूहूनही सूक्ष्म बदल मोजणारी. टेनिसमधलं अंतर मोजायला तिची गरज नाही. एसटीचं वेळापत्रक पुरे आहे.

यावर कुणी म्हणेल, मग हिंगोलीने टेनिस खेळावंच का? कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती आहे. त्यांना मैदान आणि माती पुरते. जिथे शाळेच्या मुलींना धड स्वच्छतागृह मिळत नाही तिथे सिंथेटिक कोर्टाची चैन कशाला? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. जिल्ह्याचा क्रीडानिधी दहा ठिकाणी लागणारा असेल तर टेनिसचा नंबर पहिला लागू नये. मात्र यातला 'टेनिस म्हणजे श्रीमंतांचं' हा भाग आपण नीट तपासत नाही. खेळ महाग होतो तो रॅकेटमुळे कमी आणि प्रवासामुळे जास्त. कबड्डी स्वस्त वाटते कारण तिच्या स्पर्धा गावोगाव होतात. उद्या कबड्डीच्या सगळ्या स्पर्धा फक्त पुण्या-मुंबईत ठेवल्या तर तीही वर्षभरात श्रीमंतांची होईल. म्हणून अकादमी बांधा, पुतळा उभारा अशी माझी मागणी नाही. दोन-तीन कोर्टं, सराव करायला एक भिंत, आणि परभणी, नांदेड, हिंगोली, वाशिम अशा पट्ट्यात फिरत राहणारी खालच्या दर्जाची क्रमवारी स्पर्धा, एवढ्याने त्या मुलीच्या तीन हरण्यांच्या दहा होतात. सोलापुरात अलीकडे आयटीएफच्या महिला स्पर्धा झाल्या आहेत, परदेशी खेळाडू तिथे येऊन खेळून गेल्या. बार्शीहून सोलापूर सत्तर किलोमीटर. आज बार्शीत रॅकेट धरणारी मुलगी जागतिक क्रमवारीतली खेळाडू सकाळी निघून पाहू शकते आणि रात्री घरी परतू शकते. हा दगड कुणाच्याच कारकिर्दीत लिहिला जाणार नाही.

'शेवटी सगळ्यांना गाव सोडावंच लागतं ना' हा युक्तिवादही असतो. प्रार्थना हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली, ऋतुजा 2014 पासून अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली, अंकिता पुण्याला आली. खरं आहे. पण त्या गेल्या तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. गाव सोडण्याआधीचे पहिले शंभर सामने कुठेतरी जवळपास झालेले होते. आणि अमेरिकन विद्यापीठाचा रस्ता तर माझ्याच म्हणण्याचा पुरावा आहे. तिथल्या महाविद्यालयीन संघात शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या मुलीची फी, प्रवास, प्रशिक्षक, चेंडू, सगळं विद्यापीठ भागवतं. ती चार वर्षं आठवड्याला सामने खेळते, जिंकते, हरते, आणि हरण्याचं बिल तिच्या बापाच्या नावाने फाटत नाही. आपल्याकडे पदक जिंकल्यावर हे बिल भरणारे पुढे येतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रोख बक्षिसं आहेत, सत्कार आहेत. हांगझोऊच्या सोन्याचं खरं मोल मला इथे दिसतं: क्रमवारीत शून्य, पण पुढची काही वर्षं हरत राहण्याची मुभा. अडचण एवढीच की ही मुभा शिडीच्या वरच्या पायरीवर मिळते आणि गरज असते खालच्या तिसऱ्या पायरीवर.

एप्रिल 2025 मध्ये पुण्यात बालेवाडीला बिली जीन किंग कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेचा आशिया-ओशिआनिया गट खेळला गेला. भारत दुसरा आला आणि पुढच्या फेरीला पात्र ठरला. दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून ते तिकीट मिळालं तेव्हा दुहेरीच्या कोर्टावर होत्या अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे. संघाच्या प्रशिक्षक होत्या राधिका तुळपुळे-कानिटकर, पुण्याच्याच माजी खेळाडू. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरने एकेरीत कांस्य मिळवलं. पुण्याची नावं अशी एकामागून एक येत राहतात, कारण तिथे एकीचं हरणं दुसरी जवळून पाहत असते.

प्रार्थनाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई ओपन या डब्ल्यूटीए 125 दर्जाच्या स्पर्धेत ती नेदरलँड्सच्या आरिआन हार्टोनोच्या जोडीने दुहेरीच्या अंतिम फेरीत गेली आणि हरली. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच शहरात, त्याच जोडीदारीणीबरोबर पुन्हा अंतिम फेरी गाठली; पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा 6-2 असा घेतला आणि सुपर टायब्रेक 7-10 असा निसटला. वय तीस. 2024 च्या अंतिम फेरीचे गुण बावन्न आठवडे पुरे होऊन गळून पडले, त्यांच्या जागी 2025 च्या अंतिम फेरीचे तेवढेच गुण चढले. आठवडाभर खेळून, सामने जिंकून, शेवटच्या दिवशी तीन गुणांनी हरून ती गुणांच्या हिशेबात होती तिथेच राहिली. पुढच्या आठवड्याची स्पर्धा ठरलेली होतीच.